हायड्रोजनची बोट, पण कानांसाठी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेची जुनी बोट जाऊन तिच्या जागी हायड्रोजनवर चालणारी नवी येणार, ही बातमी वाचून एका वाचकांनी विचारलं आहे : जुन्याच बोटीत नवं इंजिन बसवून भागलं नसतं का? राज्य सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी ३.५ कोटी डॉलर दिले, ते कशाला? प्रश्न रास्त आहे. बातम्यांनी हायड्रोजनचाच गाजावाजा केला. खरं उत्तर आवाजात आहे.

‘रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल’ ही बोट १९८१ची. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवण्यासाठी बांधलेली. १९८४ मध्ये स्क्रिप्सने ती घेतली आणि तेव्हापासून सॅन दिएगोच्या विद्यार्थ्यांच्या कैक पिढ्या तिच्या डेकवर काम शिकल्या. अशा दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या बोटींना मी कधीच कमी लेखणार नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची ‘गवेषणी’ मुळात गाळ वाहून नेणारा बार्ज होती. १९७६ मध्ये ती संशोधनात आली आणि २६ जानेवारी १९८१ रोजी तिनेच भारतासाठी समुद्रतळावरचे बहुधातू गोळे पहिल्यांदा वर आणले.

पण तळावरून नमुना उचलणं वेगळं आणि समुद्र ऐकणं वेगळं. पाण्यात सूर्यप्रकाश दोनेकशे मीटरांत जवळपास संपतो, रेडिओलहरी तर त्याच्या कितीतरी आधी. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने दूरवर जातो. म्हणून तळाचा नकाशा, पाण्याखालच्या यंत्रांशी संपर्क, देवमाशांचा माग, हे सगळं ध्वनीवर चालतं. डिझेल इंजिनाचा हादरा बोटीच्या सांगाड्यातून थेट पाण्यात उतरतो आणि पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा कल्लोळ त्यात मिसळतो. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावावा, तशी गत. सांगाडा आणि पंखा तेच ठेवून नुसतं इंजिन बदललं, तर हे दुखणं जात नाही.

याच स्क्रिप्समध्ये साठ वर्षांपूर्वी या दुखण्यावर काढलेला उपाय मला आजही थक्क करतो. पाणबुडीच्या आवाजाची नेमकी दिशा कळायची, तर ऐकणारी यंत्रं न डोलणाऱ्या जागी हवीत. फ्रेड फिशर आणि फ्रेड स्पीस यांनी १९६२ मध्ये ‘फ्लिप’ पाण्यात उतरवली. लांबी १०८ मीटर. जागेवर ओढत न्यायची आणि टाक्यांत पाणी भरायचं. अर्ध्या तासाच्या आत ती चक्क उभी राही! तब्बल ९१ मीटर भाग पाण्याखाली जाई. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने ओसरते. फ्लिपचा बहुतेक भार त्या हालचालीच्या आवाक्याखाली असे आणि ती जवळजवळ स्थिर राही. आत काही ठिकाणी वॉशबेसिनंसुद्धा दोन-दोन, एक आडव्या बोटीसाठी, एक उभ्या. पुढे ढकलणारं इंजिन तिला दिलेलंच नव्हतं. फिशर आणि स्पीस यांची नावं सगळीकडे येतात. अशी लांबलचक नळी लाटांत कशी वागेल याचं गणित मांडणाऱ्या फिलिप रडनिक यांचं नाव क्वचितच दिसतं. माझ्या मते फ्लिपवर तेवढाच हक्क त्यांचाही आहे. २०२३ मध्ये ती निवृत्त झाली.

नव्या बोटीचा आराखडा सिअ‍ॅटलच्या ग्लॉस्टन कंपनीकडे आहे. तिला वीज पुरवणाऱ्या इंधनघटात (फ्युएल सेल) पिस्टन नाहीत, स्फोट नाहीत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनते आणि तिच्यावर मोटरी फिरतात. मागे राहतं ते पाणी. हवेचे नमुने घेताना बोटीचाच धूर बाटलीत शिरण्याची भीतीही टळते, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची दीर्घ नोंद ठेवणारे चार्ल्स कीलिंग ज्या संस्थेचे, तिला याचं मोल वेगळं सांगायला नको.

‘शून्य प्रदूषण’ या घोषणेवर मात्र विश्वास टाकायला मी तयार नाही. जगातला बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. तो द्रव करायला उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि त्यातच त्याच्या सुमारे तृतीयांश ऊर्जेइतकी वीज खर्च होते. एवढं करून तेवढ्याच ऊर्जेसाठी डिझेलच्या चौपट जागा हवी. म्हणूनच बोट संकरित आहे : तीन-चतुर्थांश मोहिमा निव्वळ हायड्रोजनवर होतील असा संस्थेचा अंदाज आहे, लांबच्या मोहिमांना डिझेल लागेलच. किनाऱ्यालगत जाऊन बंदरात परतणाऱ्या छोट्या बोटीला हे तंत्र शोभतं. आपल्याकडेही कोचीन शिपयार्डने पुण्याच्या केपीआयटीच्या तंत्रज्ञानावर बांधलेली आणि २०२४ मध्ये जलार्पण झालेली हायड्रोजन बोट नदीतल्या प्रवाशांसाठीच आहे.

उद्या हायड्रोजन महाग पडला, तरी विजेवरच्या मोटरी आणि आवाज कमी ठेवणारा सांगाडा कामाचाच राहील. त्या मोटरींना वीज कुठून मिळते, हे पुढेही बदलता येईल. म्हणून चाचणीच्या वेळी टाकीत काय भरलंय यापेक्षा बोटीखाली सोडलेले हायड्रोफोन किती डेसिबल नोंदवतात, ते मी आधी पाहीन.