पन्नाशीनंतरची ताकद: वजन उचलणं आणि शरीराला सावरू देणं

सारखा येणारा एक प्रश्न आज घेतोय. "मी रोज पाच किलोमीटर चालतो, मग वजनं कशाला उचलू?"

चालणं हृदयासाठी उत्तम, ते सोडू नका. पण चालण्याचा भार स्नायूंच्या सवयीचा असतो, त्याने ताकद फारशी वाढत नाही. शिवाय वयाबरोबर जास्त बारीक होतात ते झटक्यात जोर लावणारे तंतू. न्हाणीघरात पाय घसरला तर तेच तुम्हाला सावरतात. या झिजेला 'सार्कोपेनिया' म्हणतात.

"आता या वयात काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे स्नायू नव्वदीतही ऐकतात!

मग करायचं काय? आठवड्यातून दोन दिवस पुरेत. खुर्चीवरून उठबस, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर, डंबेल किंवा भरलेली पिशवी ओढणं, जमिनीवरून वजन उचलणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. अजून दोनदा जमेल असं वाटत असतानाच थांबायचं. श्वास रोखायचा नाही, त्याने रक्तदाब एकदम चढतो. सोपं वाटायला लागलं की थोडं वजन वाढवायचं.

आता महत्त्वाचा भाग, भरपाईचा. स्नायू व्यायाम करताना वाढत नाहीत, नंतरच्या विश्रांतीत वाढतात. म्हणून दोन सत्रांमध्ये किमान ४८ तास ठेवा. स्नायू दोन दिवस आखडले तर चिंता नाही. सांध्यात टोचणारी कळ आली तर मात्र तो व्यायाम थांबवा. स्नायूबंध स्नायूंपेक्षा हळू तयार होतात, त्यामुळे जोश आला तरी घाई नको. झोप सात तास तरी हवीच.

आणि जेवण. वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांना स्नायू कमी दाद देतात. म्हणून किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत ती जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सगळं रात्रीवर न ठेवता तिन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हृदयविकार, हर्निया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर व्यायामाआधीही विचारा.

आज घरी एक चाचणी करा. हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता, ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांना १४ च्या खाली आकडा आला तर तो सरासरीपेक्षा कमी. आकडा लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. भेटू पुढच्या भागात.