अंगठा, अंगठी आणि मनगट

द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठाच का मागितला, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अन्यायाची कथा म्हणून ती मनात इतकी ठसली आहे, की तिच्यातला तांत्रिक तपशील नजरेआड होतो. डोळा गेला तर नेम जातो. डावा हात गेला तर धनुष्य पेलता येत नाही. द्रोण यांतले काही मागत नाहीत. ते मागतात प्रत्यंचा ओढून धरणारा आणि ऐन क्षणी ती सोडणारा अवयव. त्यानंतर एकलव्य नुसत्या बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे आदिपर्व सांगते. धनुष्य तेच, धनुर्धर तोच; बदलली ती फक्त बाण सोडण्याची रीत.

धनुर्विद्येचा इतिहास लिहिताना लाकूड, शिंग, पोलाद आणि कार्बन यांची चर्चा होते. बाण कसा सुटतो, या गोष्टीला मात्र दोन ओळी मिळतात. आज शिकारी आणि खेळाडू मनगटावर पट्टा बांधून जे 'रिलीज' नावाचे छोटे यंत्र वापरतात, ते या दुर्लक्षित इतिहासाचे ताजे पान आहे. ते समजून घ्यायचे तर आधी बोटांकडे पाहावे लागते.

बोटांचे गणित

एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टोकियोत शिकवत असे. जपानी माणूस बाण सोडतो ती पद्धत आपल्याकडच्यापेक्षा अगदी वेगळी आहे, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने जगभरच्या पद्धती, चित्रे व शिल्पे तपासून १८८५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने मुख्य पाच प्रकार मांडले. सर्वांत साधी पद्धत चिमटीची : बाणाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांत धरून ओढायचे. लहान मूल खेळण्यातल्या कामठ्याने असाच बाण मारते. चिमटीच्या आणखी दोन सुधारित तऱ्हा आहेत. चौथी भूमध्य पद्धत. तीत अंगठा मोकळा असतो आणि दोन-तीन बोटांच्या पेरांवर प्रत्यंचा अडकवतात. पाचवी मंगोल पद्धत; तीत अंगठ्याचा आकडा करून त्यावर तर्जनीचे कुलूप घालतात. एकलव्याची कथा वाचताना ही पाचवी पद्धतच डोळ्यांसमोर येते.

अंगठ्याच्या मऊ मांसावर ताठ दोरी घासली की कातडे सोलून निघते. म्हणून मध्य आशियापासून तुर्कस्तानापर्यंत आणि मोगलांच्या हिंदुस्थानात तिरंदाज अंगठ्यात खास घडणीची अंगठी घालत. शिंग, हस्तिदंत, दगड अशी तिची सामग्री. तिच्या पुढे आलेल्या ओठाआड प्रत्यंचा बसते. तर्जनी सैल केली की ती गुळगुळीत पृष्ठावरून निसटते. फारसीत तिला 'जिहगीर' म्हणजे प्रत्यंचा पकडणारी असे नाव आहे. शाहजहानच्या नावाची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्या महाकाव्यांतले योद्धेही घोरपडीच्या कातड्याचे अंगुलित्राण बांधतात. विराटपर्वात तर अर्जुनाला हातांवरचे प्रत्यंचेचे घट्टे लपवण्यासाठी बांगड्यांचा आधार घ्यावा लागतो.

पण प्रश्न केवळ कातड्याचा नाही. बोट म्हणजे मांसाचा गोल. दोरी त्यावरून सुटताना सरळ पुढे जात नाही, किंचित आडवी घसरते. मागून मिळणारा हा आडवा धक्का बाणाला वाकवतो आणि तो माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो. चूक किती लहान असते ते साध्या त्रैराशिकाने कळते. कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटीमीटर. म्हणजे मध्यापासून ४ सेंटीमीटरपर्यंत मुभा. हे प्रमाण १ : १२५० पडते. बाण साधारण ७० सेंटीमीटर लांब धरला आणि त्याचे पुढचे टोक स्थिर मानले, तर मागचे टोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त हलले की दहाचा नऊ होतो. तीन जिवंत बोटे दर वेळी इतक्या अचूकपणे एकाच क्षणी सैल करायची, हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच जमते.

शिकाऱ्याचा पट्टा

या अडचणीला विसाव्या शतकात एका वेगळ्याच दिशेने धार आली. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन याने धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या आणि १९६९ साली त्याचे पेटंट मिळवले. हेच कंपाउंड धनुष्य. ते ओढताना मध्येच पूर्ण जोर लागतो, पण शेवटी कप्पी फिरून भार एकदम हलका होतो. ६० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलोचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर जेमतेम १२ ते १५ पौंडांवर धरून ठेवता येते. हरणाची वाट पाहत झाडावरच्या मचाणावर तासन् तास बसणाऱ्या शिकाऱ्याला आणखी काय हवे?

त्याला आखूड धनुष्यही हवे होते. फांद्यांत लांब दांडा अडकतो. पण धनुष्य जितके आखूड, तितका ताणलेल्या प्रत्यंचेचा कोन अरुंद, आणि त्या कोनात बोटे चिमटली जातात. बोटांऐवजी यंत्राने प्रत्यंचा धरण्याची गरज इथे तीव्र झाली.

मनगटी रिलीजची रचना साधी आहे. कातडी किंवा नायलॉनचा रुंद पट्टा मनगटाभोवती बकलने वा वेल्क्रोने आवळतात. त्यातून तळहाताकडे एक दांडी निघते आणि तिच्या टोकाला चिमट्यासारखे दोन जबडे किंवा एक आकडा असतो. प्रत्यंचेवर बाण बसतो तिथे दोऱ्याचा छोटा फास बांधलेला असतो, त्यात हे जबडे अडकवायचे. तर्जनीखाली बंदुकीसारखा घोडा. धनुष्य ओढताना सगळा ताण फासातून दांडीत, दांडीतून पट्ट्यात आणि तिथून मनगट, कोपर व पाठीच्या स्नायूंकडे जातो. बोटांवर भारच येत नाही. घोडा दबला की जबडे उघडतात आणि दोरी जवळपास सरळ रेषेत सुटते.

हातात धरायच्या रिलीजही आहेत. अंगठ्याने दाबायच्या किंवा पाठीच्या ताणाने फिरून आपोआप सुटणाऱ्या. स्पर्धेतले अनेक निशाणबाज त्या पसंत करतात. शिकाऱ्याला मात्र मनगटीच सोयीची. ती मचाणावरून खाली पडत नाही, थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही चालते आणि झाड चढताना हात मोकळा राहतो. वापरण्याचे नियम दोनच, पण कडक. धनुष्य ओढताना बोट घोड्याच्या मागे ठेवायचे, नाही तर बाण भलतीकडे सुटेल. आणि दांडीची लांबी अशी लावायची, की घोडा तर्जनीच्या टोकाखाली न येता पेराखाली यावा.

भारतात या यंत्राचे शिकारीशी असलेले नाते कायद्यानेच तोडले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरसारख्या गावी रोही नाहीतर रानडुकरे तुरीत शिरली, तरी अधिकृत परवानगीशिवाय त्यांच्यावर हत्यार चालवता येत नाही. शेतकऱ्याच्या वाट्याला राखण, कुंपण आणि भरपाईचा अर्ज. म्हणून शिकाऱ्याचा हा पट्टा आपल्याकडे आला तो मैदानावर.

बर्लिनचे निकाल

आणि मैदानावर त्याने महाराष्ट्राला बरेच दिले. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत १४९-१४८ असे हरवले. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी १४९-१४७ गुणांनी विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद घेतले. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके जिंकली. अदिती आणि ओजस या दोघांना घडवणारे प्रशिक्षक प्रवीण सावंत साताऱ्याचे. उसाच्या पट्ट्यातले हे गाव कंपाउंड तिरंदाजीच्या नकाशावर आले.

यावर एक आक्षेप हमखास येतो : कप्पी जोर हलका करते, भिंग नेम दाखवते, यंत्र बाण सोडते, मग माणसाचे काम काय उरले? ऑलिंपिकमध्ये आजवर चालत आले ते रिकर्व्ह धनुष्यच, आणि त्यात यांत्रिक रिलीजला मनाई असते. बोटांवर कातड्याचा तुकडा तेवढा घालता येतो. कंपाउंडमध्ये रिलीज चालते, मात्र ती धनुष्याला जोडलेली नसावी आणि तिच्यात विजेचे काही नसावे. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार मान्य झाला आहे, त्यामुळे हा वाद पुन्हा रंगेल.

आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. यंत्राने बोटांची चूक काढून घेतली, ही गोष्ट खरी. मात्र त्यामुळे सगळ्यांचीच चूक कमी झाली आणि स्पर्धा एका गुणावर येऊन ठेपली. १४९ गुण मिळवूनही हरण्याची वेळ येते, तिथे उरलेली चूक मनाची असते. तिरंदाजांना एक विलक्षण व्याधी जडते. नेमाचा ठिपका मध्यावर आला रे आला, की बोट आपोआप घोड्यावर झडप घालते. किंवा ठिपका मध्यावर यायलाच नकार देतो. ही भीती बोटांनी बाण सोडणाऱ्यालाही होते, पण घोडा असला की तिला हाताशी सोय मिळते. शिकाऱ्याला हरिण दिसताच हेच होते आणि बाण जनावराला नुसता जखमी करून जातो. त्यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो : बाण 'मारायचा' नाही. बोट घोड्यावर नुसते टेकवून पाठीचे स्नायू हळूहळू आवळत न्यायचे. बाण केव्हा सुटला, याचे सोडणाऱ्यालाही थोडे नवल वाटले पाहिजे.

या यंत्राची सर्वांत मोठी देणगी आणखी वेगळी आहे. जम्मूच्या किश्तवाड भागातली शीतल देवी जन्मतःच हातांशिवाय आहे. ती पायाने धनुष्य पेलते, खांद्याला बांधलेल्या रिलीजने प्रत्यंचा ताणते आणि जबड्याच्या हालचालीने बाण सोडते. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमारच्या साथीने कांस्यपदक मिळवले. अंगठा घेतला की धनुर्धर संपतो, या द्रोणांच्या हिशेबाला इतके चोख उत्तर दुसरे नसेल. ज्याच्याजवळ बोट नाही, त्याच्यासाठी बाण सोडण्याचे काम शरीराच्या दुसऱ्या भागाकडे सोपवता येते. अडते ते पैशापाशी. कंपाउंड धनुष्य आणि रिलीज हे सामान बहुतांशी परदेशातून येते आणि खेड्यातल्या पालकाला ते सहज परवडत नाही. पूर्वी विद्या नाकारली जाई ती जातीने. आता किंमत ती नाकारणार नाही, हे पाहण्याचे काम शाळा, जिल्हा क्रीडा कार्यालये आणि संघटना यांचे आहे.

शेवटी एका शब्दाची नोंद करायला हवी. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा. त्यावरून तिरंदाजाची अंगठीही 'शस्त' आणि नेमही 'शस्त'. हा शब्द आपल्याकडे 'शिस्त' या रूपात वावरतो. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. व्यवस्थितपणा आणि संयम हा अर्थ मागाहून आला. आज आपण मुलांना शिस्त लावतो, तेव्हा त्या शब्दात अंगठ्यावर ताणून धरलेली दोरी आहे, हे आपल्या ध्यानीही नसते. अंगठ्याच्या जागी अंगठी आली, अंगठीच्या जागी मनगटाचा पट्टा. घाई न करता दोरी धरून ठेवण्याचे काम मात्र अजून माणसाकडेच आहे.