गरम झाली की रुसणारी मोटर

मिनेसोटाला ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ म्हणतात. गाड्यांच्या नंबरप्लेटवरही तसंच छापलेलं असतं. खरं तर दहा एकर आणि त्याहून मोठी तळीच मोजली, तरी आकडा ११,८४२ भरतो. त्यामुळे उन्हाळा आला की इथली निम्मी गप्पाटप्पा बोटी, मासे आणि मोटरी यांवरच चालते. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, दोरी ओढून चालू करायची सुटी मोटर म्हणजे आउटबोर्ड मोटर. माझ्याकडे अशी एक आहे. १९५० च्या दशकातली, साडेपाच हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची. शेजारच्या काकांनी (मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणतो) वयोमानामुळे तळ्यावर जाणं सोडलं आणि ती मला देऊन टाकली.

मोटर थंड असताना दोन ओढीत चालू व्हायची. तेरा-चौदा मिनिटं झकास चालायची आणि मग बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी चालू!

गेल्या जूनमध्ये आई-बाबा सांगलीहून आले. परदेशात आलेल्या आई-वडिलांचा दिवस कसा जातो, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आम्ही ऑफिसात, नात शाळेत किंवा शिबिरात, आणि हे दोघं खिडकीत. बाबांना या घरात मनापासून आवडलेली एकच गोष्ट म्हणजे संध्याकाळी तळ्यावर जाणं. एकदा मात्र तळ्याच्या मधोमध मोटर थांबली आणि वारा सुटला. बोटीत बाबा आणि माझी सहा वर्षांची मुलगी. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती (इथे चालत्या बोटीत दहा वर्षांखालच्या मुलांना ती कायद्यानेच घालावी लागतात), वल्हीही होती. तरी किनारा गाठायला पाऊण तास लागला. आईने निकाल दिला, “ही मोटर धड होईस्तोवर पोरीला पाण्यावर न्यायचं नाही. आणि तुम्हीही जायचं नाही.” परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. म्हणजे हाताशी थोडेच आठवडे उरले.

अशा वेळी पाना हातात घेण्याआधी मोटर कशी बंद पडते, ते नीट ऐकावं. बटण दाबल्यासारखी एका क्षणात गप्प झाली, तर संशय बहुधा ठिणगीवर. आचके देत, वेग कमी-जास्त होत थांबली, तर पेट्रोल कमी पडतंय. आवाज जड होत होत, तापून थांबली, तर इंजिन थंड ठेवणारं पाणी वर येत नाहीये. तसं असेल तर पुन्हा दोरी ओढायची घाई करू नये.

आमचं प्रकरण यांपैकी कशातच नीट बसत नव्हतं. ते बाबांनी ओळखलं. विहिरीवरचं इंजिन आणि ट्रॅक्टर यांच्या आवाजात त्यांचं आयुष्य गेलंय. म्हणाले, “अरं, एक सिलिंडर सोडलाय तिनं. लंगडतीय बघ.” आणि खरंच, बंद पडण्याआधी मिनिटभर आवाजाची लय मोडायची. उरलेल्या एका सिलिंडरला बोट ढकलणं झेपायचं नाही, वेग उतरायचा आणि मोटर थांबायची.

तरीही आधी पेट्रोल तपासलं. या काळातल्या अनेक मोटरींना पेट्रोलचा पंपच नसतो. टाकीला दोन नळ्या असतात. एकीतून इंजिन टाकीत हवेचा दाब भरतं, त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल इंजिनाकडे जातं. झाकणाचा रबरी वॉशर सुकला की दाब निसटतो आणि मोटर उपाशी राहते. परीक्षा सोपी आहे. मोटर लंगडायला लागली की टाकीवरचं प्रायमरचं बटण चार-पाच वेळा दाबायचं. ती सावरली, तर दोष पेट्रोलच्या वाटेत. आमची सावरली नाही. मागच्या भोकातून पाण्याचा फवारा नेहमीसारखाच येत होता. म्हणजे उरली ठिणगी.

खरी गोम इथेच होती. मोटर घरी आणून तपासली की दोन्ही ठिणग्या पाव इंचाची फट सहज ओलांडायच्या. मी सॉफ्टवेअरवाला. ऑफिसच्या टेस्टिंगमध्ये कधीच न दिसणारा आणि ग्राहकाकडे सिस्टिमवर ताण आला की नेमका उगवणारा बग मला परिचयाचा आहे. तिथे नियम एकच, दोष ज्या परिस्थितीत येतो ती परिस्थिती उभी करायची. गरम मोटरचा दोष थंड मोटरमध्ये शोधून सापडत नाही.

म्हणून मागच्या अंगणात प्लॅस्टिकचं मोठं पिंप आणलं. त्यावर जाड फळी ठोकून मोटर अडकवली आणि तिच्या पाणी ओढणाऱ्या पंपाच्या वरपर्यंत पाणी भरलं. कोरडी मोटर काही सेकंदही चालवू नये, पंपातलं रबरी चक्र जळून जातं. आणि हे काम उघड्यावरच करावं, गॅरेजात नाही, कारण धूर जीवघेणा असतो. दोन्ही प्लगच्या वायरींत ठिणगीबरोबर लुकलुकणारे छोटे टेस्टर लावले. बाबा घड्याळ आणि वही घेऊन खुर्ची टाकून बसले. पिंपात मोटरवर ओझं कमी, म्हणून वेळ जास्त लागला. एकविसाव्या मिनिटाला वरच्या सिलिंडरचा दिवा विझला!

प्लगची अदलाबदल करून पुन्हा चालवली. पुन्हा वरचाच दिवा गेला, म्हणजे प्लग निर्दोष. मग वरचं जड फ्लायव्हील काढलं. त्यासाठी पुलर वापरायचा, हातोडा किंवा पहार नाही. खाली प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर असतो. वरच्या सिलिंडरच्या कॉइलच्या आवरणाला केसाएवढी चीर होती. गार असताना ती मिटलेली. तापली की उघडते आणि प्लगकडे जाणारी वीज मध्येच निसटते.

पॉइंट घासायचा, कंडेन्सर बदलायचा मोह झाला, पण आधी फक्त कॉइल बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर दुरुस्ती कशाने झाली ते कळतं. मोटर पिंपात सलग पाऊण तास चालली. मग दुसऱ्या दिवशी त्याच वयाची दुसरी कॉइलही बदलली आणि पॉइंटमधलं अंतर मोजून ०.०२० इंच केलं.

सत्तर वर्षांच्या मोटरची कॉइल आजही नवी मिळते, याचं मला अप्रूप वाटतं. आउटबोर्ड मोटर घरोघरी नेण्यात ज्याचा मोठा वाटा, तो ओले एव्हिनरूड नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. १९०९ मध्ये त्याने मिलवॉकीत कंपनी काढली. त्याच्या नावाच्या मोटरींचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, पण अशा जुन्या मोटरींचे सुटे भाग इतर कंपन्या अजून बनवतात.

पेट्रोलबद्दल एक सांगायला हवं. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या नळ्या, वॉशर खराब करतं. भारतात सध्या वीस टक्क्यांवरून जी चर्चा चालू आहे, तीच चिंता. मिनेसोटात बोटी आणि जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं, मी तेच घेतो. त्यात माझ्या मोटरसाठी २४ भागांना एक भाग टू-स्ट्रोक तेल.

आईने लगेच परवानगी दिली नाही. आधी आम्ही दोघांनी किनाऱ्याला धरून तासभर फेऱ्या मारायच्या आणि ती काठावरून बघणार, अशी अट होती. ती पाळली. पुढे सप्टेंबर संपेपर्यंत नात आणि आजोबा जवळजवळ रोज पाण्यावर होते, वल्ही मात्र कायम बोटीत.

ऑक्टोबरात ते दोघं परतले. मोटर मी गॅरेजात उभीच टांगली. आडवी ठेवली तर पाणी आत राहतं आणि इथल्या थंडीत गोठून धातू तडकवतं. बाबांची वही तिच्याजवळच ठेवलीये. मेमध्ये बर्फ गेलं की पहिली नोंद मुलीने करायची, असं दोघांचं फोनवर ठरलंय.