अपस्मारावरील शस्त्रक्रिया आणि स्मरणशक्ती

अपस्मार, म्हणजेच फेफरे किंवा मिरगी, हे वेड नव्हे आणि तो संसर्गजन्यही नाही. बहुसंख्य रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना मात्र औषधे पुरत नाहीत. यांपैकी ज्यांचे झटके मेंदूतील एका निश्चित जागेतून उठतात, त्यांना ती जागा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. अशा वेळी पालकांचा पहिला प्रश्न असतो : बुद्धीचे आणि स्मरणशक्तीचे काय होईल?

या प्रश्नाचे पहिले उत्तर फार महाग पडले. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस व लगतचा भाग दोन्ही बाजूंनी काढला. झटके कमी झाले, पण नवी घटना त्यांच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांचा बुद्ध्यंक घटला नव्हता. आरशात पाहून चांदणी गिरवण्यात त्यांचा हात दिवसागणिक सुधारला, मात्र हे आपण पूर्वी केल्याचे त्यांना आठवत नसे. बुद्धी, कौशल्य आणि स्मृती या वेगवेगळ्या शक्ती आहेत, हे यातून उघड झाले.

आज हिप्पोकॅम्पसवरील अशी शस्त्रक्रिया एकाच बाजूस करतात. लाभही मोठा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेंदूच्या निरनिराळ्या भागांवर शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी ७७ टक्के मुले वर्षाअखेर झटकामुक्त होती. केवळ औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

तथापि कानशिलाजवळच्या भागातील शस्त्रक्रियेची किंमत बाजूवर अवलंबून असते. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते. त्यामुळे डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर ऐकलेले शब्द लक्षात ठेवणे आणि वस्तूंची वा माणसांची नावे आठवणे काहींना जड जाते. काढलेला भाग जितका कार्यक्षम, तितका तोटा अधिक. तो आधीच निकामी झालेला असल्यास गमावण्यासारखे थोडेच उरते. झटके चालू राहिले तर त्यांचाही स्मृतीवर परिणाम होतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर स्मृतीची चाचणी घेतात. ती रुग्णाच्या घरच्या भाषेत असणे अगत्याचे आहे. घरी उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ मराठी शब्द विचारल्यास भाषेची अपुरी ओळख हीच स्मृतीची उणीव ठरण्याचा धोका असतो.

वर्गात परतलेला असा विद्यार्थी ओळखीच्या शब्दापाशी अडखळला, तर ते मंदबुद्धीचे लक्षण समजू नये. त्यास उत्तरासाठी वेळ द्यावा, मुद्दे लिहून द्यावेत, तोंडी प्रश्नांची सक्ती करू नये. विषय त्याला समजलेला असतो; नाव तेवढे ओठावर येत नाही.