धास्तीनंही अंग दुखतं

शेतकरी बंधूंनो, 2021 साली कोरोनाची लस आली तेव्हा पारावर एकच बोलणं, "सुई टोचली की माणूस आठ दिवस उठत नाही." आठवतं ना?

लसीच्या 12 चाचण्यांचा आढावा 2022 साली प्रसिद्ध झाला. काहींना न कळवता लसीऐवजी नुसतीच बिनऔषधाची सुई दिली होती. तरी पहिल्या सुईनंतर त्यांच्यातल्या शंभरात 35 जणांना डोकेदुखी, थकवा असा त्रास जाणवला. काहींचं दुखणं नेहमीचं असेल, पण धास्तीनंही अंग खरोखर दुखतं. ते ढोंग नव्हे.

औषधाचा त्रास होतच नाही, असं नाही. झाला तर डॉक्टरांना दाखवा. ऐकीव गोष्टींवरून बीपीची गोळी सोडू नका. आणि सरपंच, ग्रामसेवकांनो, गावाला खरं ते सांगा, पण धीर देऊन.