नाव कोल्हापूरचे, मालकी कोणाची?

मुलाचे नाव ठेवायला आत्या लागते. कंपनीचे आणि मालाचे नाव ठेवायला मात्र आता कंपन्याच निघाल्या आहेत, आणि या आत्याबाई घुगऱ्यांवर भागत नाहीत, घसघशीत फी घेतात! अमेरिकेतील १९८२ साली निघालेली लेक्सिकॉन ब्रँडिंग ही त्यातलीच एक. 'पेंटियम', 'ब्लॅकबेरी', 'पॉवरबुक' ही नावे तिचीच.

यामागे हौस नाही, कायदा आहे. इंटेल कंपनीच्या संगणकाच्या चिप '३८६', '४८६' अशा आकड्यांनी विकल्या जात. प्रतिस्पर्धीही तेच आकडे वापरू लागले तेव्हा इंटेल कोर्टात गेली. पण '३८६' या आकड्यावर तिला मालकी मिळाली नाही. मग 'पाच' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'पेंटियम' घडवले गेले आणि १९९३ साली ते बाजारात आले.

काम चालते ते असे. भाषा जाणणारी माणसे शेकडो शब्द काढतात. कानाला कसा लागतो, परक्या भाषेत वाईट अर्थ होतो का, हे तपासतात. वकील सरकारी नोंदी धुंडाळून आधीच दुसऱ्याचे झालेले शब्द गाळतात. शेवटी हाती चार-दोन उरतात. आपल्याकडेही ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचे निव्वळ वर्णन करणारे किंवा गाव सांगणारे नाव सहसा एकट्याच्या मालकीचे म्हणून नोंदवता येत नाही. म्हणून ज्या शब्दाला काल काहीच अर्थ नव्हता, तोच आज सर्वांत महाग!

आता आमच्या कोल्हापूरकडे पाहा. 'कोल्हापुरी' हे नाव कोणत्या तज्ज्ञाने ठेवले? कोणीही नाही. कातडे कमावणाऱ्या, तळ शिवणाऱ्या, वेणी घालणाऱ्या चर्मकार स्त्री-पुरुषांच्या पिढ्यांनी ते कमावले. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाली, पुकारी ही वाणांची नावेही त्याच कारागिरीबरोबर रुळली. पण चपलेला गावाचे मानाचे नाव मिळाले, ती करणाऱ्याला मात्र जातीचेच नाव चिकटून राहिले. हा न्याय आहे काय?

गावाचे नाव एकट्याचे होत नाही, म्हणून त्यासाठी भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे 'जीआय'चा, स्वतंत्र कायदा १९९९ साली झाला. त्याखाली २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. नोंदणी आहे महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाच्या नावावर.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये अशाच चपला मिरवल्या, पण कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे कबूल केले. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली, कारण नोंदणीकृत मालक ही दोन महामंडळे होती, याचिकाकर्ते नव्हते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या महामंडळांशी करार केला. सुमारे ८०० युरोंची एक जोडी, अशा २,००० जोड्या भारतात करून घेण्याचे जाहीर झाले.

यातून धडा एकच. कागदावर ज्याचे नाव, त्याचाच दावा! ट्रेड मार्क विकता येतो. जीआयची नोंदणी विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. गरिबाच्या हक्काला ही केवढी मोठी ढाल! पण ती हाती घ्यायची तर कारागिराने स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद केली पाहिजे. मग नकली माल 'कोल्हापुरी' म्हणून विकणाऱ्याविरुद्ध तो स्वतः दाद मागू शकतो आणि त्याच्यामागे तो हक्क वारसांकडे जातो. आम्ही कारागिरांशी बोलतो तेव्हा मानांकन मिळाल्याचे बहुतेकांनी ऐकलेले असते. "तुमची नोंद आहे का?" असे विचारले की मात्र गप्प होतात.

याच शहरात पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर हॉटेल काढले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. महाराज स्वतः तेथे चहा घेत. ते नाव कोणत्या कंपनीने शोधले नव्हते. ते एका माणसाने ताठ मानेने दारावर लावले होते.

आज तीच ताठ मान नोंदवहीत दिसली पाहिजे. शिकलेल्या आमच्या वकील बांधवांनी आठवड्यातील एक संध्याकाळ सुभाषनगरात बसून हे अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या मिरवणुकीला आपण वर्गणी देतो. मग या कामाला वेळ का देऊ नये? नाव आपल्याच माणसांनी मोठे केले आहे. आता त्यावर सहीही त्यांचीच हवी!