फेरफारातले पंधरा दिवस

वडील वारले, सातबाऱ्यावर दोन्ही भावांची नावं लागली आणि सासरी असलेल्या बहिणीला ते कळलं काही वर्षांनी. ही तक्रार कुठल्याही गावात ऐकू येते. म्हणून नोंद होते कशी, ते नीट पाहायला हवं.

वारसाचा अर्ज किंवा खरेदीखताची वर्दी आली की तलाठी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो. ही नोंद अजून कच्ची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार तिची प्रत चावडीवर लावावी लागते. शिवाय ज्यांचा ज्यांचा हितसंबंध दिसतो, त्या प्रत्येकाला लेखी नोटीस द्यावी लागते. चावडीवरचा कागद नाशिकला नांदणाऱ्या बहिणीला कसा दिसणार? म्हणूनच कायदा दोन्ही मागतो. नोटीस बजावल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये, असं त्याच कलमात स्पष्ट म्हटलं आहे. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचा जीव या एका अटीत आहे.

नोटिशीनंतर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच तलाठ्याकडून आवर्जून घ्यावी. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं. तिथून पुढे निकाल तलाठ्याच्या हातात राहत नाही. वरचा महसूल अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो, जबाब आणि कागद पाहतो आणि कारणं देऊन आदेश काढतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

एक गैरसमज मात्र फार नुकसान करतो. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. नाव लागलं नाही म्हणून बहिणीचा वारसाहक्क बुडत नाही. त्याचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो. पण नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, कर्ज आणि विक्रीही तिच्यावरच चालते. तेव्हा गप्प बसणं महागात पडतं.

नोंद प्रमाणित झालीच असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुदत साठ दिवसांची. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. अपिलाआधी त्या फेरफाराची आणि नोटिशीची नक्कल मागावी. नोटिशीच्या पोचेवर बहिणीची सही नसेल, किंवा तिच्या नावापुढे दुसऱ्याच कुणाची सही असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.